गणपतरावांचे चौतीस दसरे

शालिकराम गावंडे हा माणूस वाईट नव्हता. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायची पक्की नोकरी, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, आणि कोणी आवाज चढवला तर हा आपला खाली बघणार. खोड एकच. त्याला पाखरं बघायचा नाद होता. आता नाद म्हणजे अंगणात चिमण्यांना दाणे टाकायचे तसला नव्हे. हा गडी रविवारी पहाटे गळ्यात दुर्बीण अडकवून लॅम्ब्रेटाला किक मारायचा आणि एका बदकासाठी दोन-दोन तास चिखलात बसायचा. पाखरू दिसलं की खिशातल्या वहीत लिहायचा. वहीचा नियम मोठा कडक होता. जे धड ओळखलं तेच लिहायचं, शंका आली की खोडायचं.

या नादापायी त्याचं लग्न अडलं. सत्त्याहत्तर सालच्या श्रावणात तो सक्करदऱ्याला गणपतराव काळमेघांची गोपिका बघायला गेला. पोहे आले, पोरगी आली, सगळं रीतसर. पोरगी त्याला आवडली, म्हणजे घशात पोहे अडकण्याइतकी आवडली. पण खिडकीबाहेर शेवगा होता, आणि नेमकं त्याच वेळी शेवग्यावर एक पाखरू येऊन बसलं. गणपतरावांनी विचारलं, पगार किती? शालिकराम म्हणाला, "चातक."

गोपिकेनं पदर तोंडाशी धरून हसू दाबलं, आणि तिचं तिथंच ठरलं. गणपतरावांचं ठरलं नाही. संत्रा मार्केटात त्यांची आडत होती, आयुष्य भाव पाडण्यात आणि चढवण्यात गेलेलं. असलं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. 'सांगतो' म्हणाले आणि दोन महिने काही सांगितलं नाही.

मग दसरा आला. दसऱ्याला नीलकंठ दिसला की वर्ष चांगलं जातं, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक. पण लोक दिसला तर हात जोडतात, नाही दिसला तर पुरणपोळी खाऊन मोकळे होतात. गणपतरावांचं तसं नव्हतं. नीलकंठ दिसेपर्यंत अन्नाचा कण नाही, चहाचा घोट नाही. दरसाल ते आदल्या दिवशी काटोलकडे आपल्या गावी जात, सकाळी शेतात नीलकंठाचं दर्शन घेत आणि दुपारच्या गाडीनं आडतीतल्या तराजूच्या पूजेला परत येत. चौतीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

यंदा मात्र संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल लवकर सुटला. आडतीसमोर ट्रक उभे, नागपूर सोडायची सोय नाही. आता या शहरात नीलकंठ कुठं बसते, म्हणून गणपतराव घरात डोकं धरून बसले. गोपिका चुलीकडे बघत हळूच म्हणाली, की ज्याला ते माहीत आहे असा एक माणूस आहे. तिच्या आईनं, भागीरथाबाईंनी, त्याच दिवशी निरोप धाडला. निरोपाबरोबर गोपिकेची दोन ओळींची चिठ्ठी होती: 'दाखवला तर बाबा हो म्हणणार आहेत. कृपा करून दुसरं काही बघू नका.'

शालिकरामाला हसू आलं. नीलकंठ दाखवणं म्हणजे काय मोठं काम? अमरावती रोडला वाडीच्या पुढं, गोदामं संपली की तारेवर रोज तीन-तीन बसलेले असतात. थेट वाडीला गेला असता तर सकाळी सातला लग्न ठरलं असतं. पण दसऱ्याची सुट्टी, ऑक्टोबरची थंड हवा, तलावावर नुकतीच उतरलेली परदेशी बदकं, आणि अंबाझरी म्हणजे तर वाटेवरच. तिथंही एखादा नीलकंठ असेल, असं त्यानं स्वतःला पटवलं. माणूस स्वतःला किती लवकर पटवतो, बघा.

सहा वाजता गणपतराव पांढरं धोतर, काळी टोपी घालून लॅम्ब्रेटावर मागं बसले. वजन भरभक्कम असल्यानं स्कूटरचं तोंड वर उचललं गेलं. दीक्षाभूमीकडे पायी निघालेल्या माणसांनी रस्ते भरले होते, त्यांतून वाट काढत दोघं अंबाझरीच्या बांधावर पोचले. नीलकंठ नव्हता. पण पाण्यावर एक मोठा शिकारी पक्षी घिरट्या घालत होता, हिमालयापलीकडून येणारा मासेमार गरुड, यंदाच्या हंगामातला पहिला. शालिकरामानं दुर्बीण काढून जवळजवळ गणपतरावांच्या डोळ्यांत कोंबली.

"निळा हाय का?" गणपतरावांनी विचारलं.

"नाही, पण किती लांबून येतो, काकाजी..."

"मंग मले काहून दाखवून राहिला?"

शालिकराम वरमला. पण नाद लागलेल्या माणसाला वरमणं किती वेळ पुरतं? सेमिनरी हिल्सवर झाडी होती, तिथं बघू म्हणाला. तिथं हळद्या होता, तांबट होता, नीलकंठ नव्हता. मग गोरेवाड्याच्या रानात घुसले. करवंदीत धोतर अडकलं, ते सोडवता सोडवता टोपी पडली. टोपी उचलायला वाकले तर शालिकरामानं त्यांचं मनगट घट्ट धरलं. समोरच्या बांबूत स्वर्गीय नर्तक होता, दूधपांढरा, शेपटीच्या दोन लांब फिती वाऱ्यावर सोडून. शालिकरामाच्या डोळ्यांत पाणी आलं. गणपतरावांच्याही आलं, पण ते चहा नसल्यामुळं डोकं ठणकत होतं म्हणून.

शालिकराम भानावर आला आणि बोलून गेला की तसं नीलकंठाला दाट रान आवडत नाही, मोकळं शेत लागतं. गणपतराव करवंदीतच थांबले. मग आपण रानात काहून आलो, असं त्यांनी फार शांतपणे विचारलं. खरं सांगायचं तर स्वर्गीय नर्तक त्याच्या वहीत अजून लिहायचा राहिला होता. गोपिकेची चिठ्ठी खिशात होती, ती आता त्याला चांगलीच टोचू लागली.

दाभ्याच्या गवताळ माळावर चंडोल वर चढत गात होते. त्यानं मान खाली घालून स्कूटर हाणली. वाडी आली, ट्रकांची रांग आली, गोदामं संपली, ज्वारी सुरू झाली. साडेदहा वाजले होते. आणि तारेवर नीलकंठ बसला होता. अगदी खांबाच्या शेजारी, मान खांद्यांत घालून. शालिकरामानं करकचून ब्रेक लावला.

"काकाजी, बघा. नीलकंठ."

गणपतरावांनी टोपी सारखी केली, हात जोडले, वर बघितलं, आणि जोडलेले हात सोडले. हा नीलकंठ नाही, म्हणाले. आता मात्र शालिकराम हादरला. बसलेला नीलकंठ तसा मळकट विटकरी दिसतो, निळाई पंखांत मिटलेली असते, उडाला की बघा, असं तो काकुळतीनं सांगू लागला. टाळ्या वाजवल्या, रुमाल हलवला, एक ढेकूळ शेजारच्या खांबावर मारलं. पाखरू ढिम्म. गणपतराव म्हणाले, चौतीस वर्षं नीलकंठ पाहून राहिलो, मले शिकवू नको. आणि पाठ फिरवून स्कूटरकडे चालू लागले. त्यांची पाठ फिरली आणि नीलकंठ उडाला. निळे पंख लखलखले. ते एकट्या शालिकरामानं बघितलं.

पुढं फर्लांगभर गेले असतील नसतील, गणपतरावांनी त्याच्या पाठीत थाप मारली. थांब म्हणाले. रस्त्याकडेला संत्र्याचा बगीचा होता, बगीच्यात विहीर, विहिरीच्या लोखंडी गर्डरवर एक पाखरू. पाठ झगझगीत निळी, छाती पांढरीशुभ्र, चोच लाल. गणपतरावांनी चपला काढल्या. भर उन्हात, ओल्या मातीत अनवाणी उभे राहून त्यांनी हात जोडले आणि डोळे मिटले. ओठ पुटपुटत होते. बऱ्याच वेळानं डोळे उघडले तेव्हा चेहरा असा सैल पडला होता की शालिकरामाला क्षणभर ओळखू येईना.

"यंदाबी आला," ते म्हणाले. "चाल बापू, झालं. पोरगी दिली तुले."

तो खंड्या होता. साधा, विहिरीत मासे धरणारा खंड्या.

शालिकराम गप्प बसला. मी खोटं सांगत नाही, खरंच बसला. किक मारली, गाडी वळवली, वाडीच्या नाक्यापर्यंत दोन मैल दात घट्ट मिटून आला. मनात गोपिका हसत होती, सनई वाजत होती. एका खंड्यानं कोणाचं काय बिघडतं, असं तो स्वतःला सांगत होता, आणि सकाळसारखं ते पटतही आलं होतं. तेवढ्यात मागून गणपतराव लाडात येऊन म्हणाले, "तुह्यी वही काढ. लिव त्यात. नीलकंठ, वाडीच्या पुढची विहीर, पावणेअकरा. आन् खाली माह्यं नाव लिव, यानं दाखवला म्हणून."

झालं. शालिकरामानं गाडी बाजूला घेतली.

"काकाजी, तो खंड्या होता."

गणपतरावांना वाटलं थट्टा आहे. मग त्याचं तोंड बघून कळलं की हा माणूस थट्टा करणाऱ्यांतला नाही. गावच्या विहिरीवर बसतो तो असाच, लाल चोचीचा, पांढऱ्या छातीचा, असं त्यांनी निक्षून सांगितलं. तोही खंड्याच, असं शालिकरामानं खाली बघत सांगितलं. ते काय खाते, हे त्यांनी विचारलं. मासे, बेडूक, क्वचित सरडे. गणपतरावांनी वीस वर्षांत अंड्याला शिवलेलं नव्हतं. त्यांनी जोडलेले हात धोतराला पुसले.

"आन् तारेवरचा?"

"तो नीलकंठ होता."

"म्हणजे खरा येऊन बसला होता, आन् मी त्याले नाही म्हणलं."

शालिकरामानं गाडी सक्करदऱ्याला नेली. घरात शिरताच गणपतरावांनी बायकोला सांगितलं की या पोराले पोरगी द्याची नाही, एका सकाळीत यानं माहे चौतीस दसरे नेले. आणि न जेवता, चहाही न घेता भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडले. शालिकराम निघाला होता, पण सणाच्या दिवशी दारातून उपाशी माणूस जाऊ देणाऱ्या भागीरथाबाई नव्हेत. त्यांनी त्याला पाटावर बसवलं. गोपिकेनं पुरणपोळी वाढली नाही, ताटात आपटली.

"दोन मिनिटं गप्प नाही बसता आलं?" ती हळू आवाजात म्हणाली. डोळे भरले होते.

"बसलो होतो. दोन मैल."

तिला हसू आलं आणि त्याचाच राग येऊन ती आत निघून गेली. शालिकरामाला पुरणपोळी गिळवेना. आपण काय करून बसलो हे त्याला आत्ता कुठं पुरतं कळलं. पोरगी गेली ती गेलीच, वर एका माणसाचं वर्ष नासवलं, आणि मागची चौतीसही.

तेवढ्यात काटोलच्या गाडीनं चंपतराव आले. हे गणपतरावांचे थोरले भाऊ, सत्तरीचे, गुडघ्यांनी अधू, पाच वर्षांत गाव सोडलेलं नव्हतं. खांद्यावरच्या पिशवीत शेतातल्या आपट्याची पानं होती. यंदा तू आला नाही म्हणून सोनं द्याले मीच आलो, म्हणाले आणि धाकट्याच्या खाटेवर बसले. गणपतराव उठून बसले, पण वर बघेनात.

चंपतराव बोलत सुटले. त्यांच्या बोलण्यातून शालिकरामाला बाकीचं कळलं. चौतीस वर्षांमागं यांचा बाप गेला. घरचा कर्ता गेलेला, गणपत सोळा वर्षांचा, रात्रंदिवस रडायचा. दसऱ्याच्या सकाळी थोरल्यानं त्याला विहिरीवर नेलं, पाखरू दाखवलं आणि सांगितलं की नीलकंठ दिसला, आता भिऊ नको, आपल्याले काही कमी पडत नाही. तेव्हापासून दरसाल दोघं भाऊ त्या विहिरीवर उभे राहत होते.

"आजबी आला होता गा," चंपतराव म्हणाले. "मी त्याले म्हणलं, गणपतले यंदा फुरसत नाही, त्याचाबी नमस्कार घे. चांगला बसून राहिला होता माह्याकडं पाहत."

गणपतरावांचा चेहरा पांढरा पडला. आता चंपतरावांची नजर कोपऱ्यातल्या पाटावर आणि गळ्यातल्या दुर्बिणीवर गेली. हा पाखरांचा जाणकार आहे असं भागीरथाबाईंच्या तोंडून निघून गेलं, आणि निघाल्यावर त्यांनीच जीभ चावली. चंपतराव खुलले. गावात पैज लागली होती म्हणे. शेजारचा वामनराव म्हणतो की नीलकंठ मळकट असते आणि त्याची चोच काळी. आता जाणकारानंच सांगावं.

"सांग बापू. नीलकंठाची चोच कुकवासारखी लाल असते का नाही?"

दारात गोपिका उभी होती. गणपतराव पहिल्यांदाच शालिकरामाकडे बघत होते, आणि त्या बघण्यात राग नव्हता. नुसती विनवणी होती. शालिकरामानं तोंड उघडलं. सगळ्यांना वाटलं, संपलं. त्यानं तोंड मिटलं, पुन्हा उघडलं.

"तुमच्या विहिरीवर बसतो ना, बाबाजी," तो म्हणाला, "त्याची चोच लालच असते."

चंपतरावांनी मांडीवर थाप मारली. वामनरावाले सांगतो आता, म्हणाले. मग पिशवीतून आपट्याची पानं काढून त्यांनी पहिली शालिकरामाच्या हातावर ठेवली. मोठा समजदार पोरगा हाये, म्हणाले.

"कोणाचा गा हा, गणपत?"

गणपतरावांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि घसा साफ केला.

"आपलाच हाये, दादा," ते म्हणाले. "गोपिका, मले चहा ठेव वं. आन् याच्या ताटात पोळी वाढ. नीट वाढ."