मावशीकडे ठेवलेलं

"माझ्या बायकोचे पैसे काढ," गवंडी उंबऱ्यातूनच म्हणाला.

मावशी चपला घालत होती. रोज सकाळी ती घरोघर फिरायची. बायका जे चार पैसे देतील ते जपायची, अडीनडीला परत द्यायची, कुणाला उधारही द्यायची. बँक होती, पण लांबच्या गावात. तिथे जायचं म्हणजे एक रोज बुडायचा. मावशी दारात यायची, कागद मागायची नाही आणि कुणाचं कुणाला सांगायची नाही.

"तिचे माझ्याकडे काही नाहीत."

खरं तर बरेच होते. लेकीच्या शिक्षणासाठी त्याची बायको ते साठवत होती. नवऱ्याच्या हाती लागले असते तर दोन दिवसांत गुत्त्यावर उडाले असते.

"नाहीत? म्हणजे खाल्लेस!" गवंडी ओरडला आणि तसाच ओरडत गल्लीभर फिरला.

दुपारपर्यंत अंगण भरलं. "तसं नाही गं मावशी, विश्वास आहे, पण..." असं म्हणत जो तो हात पुढे करत होता. मावशी आत-बाहेर करून थकली. उधारीवर गेलेले पैसे लगेच कुठून येणार? तेवढी भर तिने छपरासाठी साठवलेल्या स्वतःच्या पैशांतून घातली.

गवंड्याने बायकोला सगळ्यांसमोर ओढत आणलं. "बोल, ठेवलेस हिच्याकडे?"

"नाही," ती खाली बघत म्हणाली.

गवंडी चडफडत निघून गेला. लोकांना खरं-खोटं कळलं नाही. पण पैसे मागणारे हात काही थांबले नाहीत.

संध्याकाळी घर रिकामं झालं, तरी मावशीला बसवेना. घासलेली भांडी तिने पुन्हा घासली. दारापर्यंत गेली, परत आली. उद्या सकाळी जायचं कुठे?

तेवढ्यात शिंपीण धापा टाकत आली. "मावशी, हे घे."

"अगं, दुपारीच तर घेऊन गेलीस!"

"घेऊन गेले आणि फसले. घरी पोचते न पोचते तोच दीर उसने मागायला हजर. सासूला औषधं आठवली, नवऱ्याला सायकलचं टायर. घरात आहेत म्हटल्यावर नाही कशी म्हणू? तुझ्याकडे असले की म्हणता येतं, मावशीकडे आहेत, आत्ता मिळायचे नाहीत. अर्धेच उरलेत बघ."

मावशीने हात मागे घेतला. "नको बाई. आज काय काय ऐकलं मी! तूही होतीस की त्या घोळक्यात."

"होते." शिंपीण हलली नाही. "घाबरले होते."

नोटांची मूठ तिने तशीच पुढे धरून ठेवली. मग मावशीने हात पुढे केला.

"उद्या जरा लवकर ये," शिंपीण पायरी उतरताना म्हणाली. "घरातले उठायच्या आत."

ती गेल्यावर मावशी उंबऱ्यातच टेकली. दिवा लावायचा राहिला. घामाने ओल्या झालेल्या, चुरगळलेल्या नोटा मांडीवर ठेवून ती हाताने एकेक सरळ करत बसली.