दमयंतीबाईंच्या गाडीचा ब्लॉक

संगमेश्वरच्या आसपासच्या पंधरा-वीस वाड्यांमध्ये १९८४ साली बाळंतपण अडलं की माणसं आधी दमयंतीबाईंना बोलवत. बाई नर्स होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. ज्या डॉक्टरांच्या हाताखाली त्या शिकल्या, त्यांनी म्हातारपणी आपली जुनी विलायती गाडी बाईंना देऊन टाकली होती. गाडी बाईंहून चार-पाच वर्षांनीच लहान. पाचवारी साडीचा पदर खोचून, चष्मा नाकावर सरकवत बाई ती स्वतः चालवत आणि जिथे एसटी जात नव्हती तिथपर्यंत नेत.

एप्रिलमध्ये हौसा नावाच्या अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात आणताना चढावर गाडीने वाफ सोडली ती थांबेचना. बाईंनी पाणी ओतलं, तर ते इंजिनाच्या पोटातून खाली गळून गेलं. हौसाच्या पोटात मूल उलटं होतं. मागच्या वाडीतल्या चौघांनी डोली केली आणि बाई तिचा हात धरून डोलीबरोबर चार मैल चालल्या. पोर जगलं, हौसाही जगली. पण उशीर किती झाला होता हे एकट्या बाईंनाच ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गाडी ओढवत गॅरेजात नेली.

बाबल्या मेस्त्रीने इंजिन उतरवलं आणि बाईंना बोलावून दाखवलं. ब्लॉक, म्हणजे ज्यात पिस्टन खालीवर होतात तो इंजिनाचा मुख्य सांगाडा, बहुतेक गाड्यांना बिडाचा, ओतीव लोखंडाचा असतो. या गाडीला ॲल्युमिनियमचा होता. पन्नास वर्षं विहिरीचं पाणी फिरून फिरून त्याच्या भिंती वाळवी लागल्यासारख्या खाल्ल्या गेल्या होत्या. बाबल्याने बोटाने दाबलं तसा एक तुकडा आत गेला.

"वेल्डिंग?" बाईंनी विचारलं.

"धरायचं नाय बाई. धातूच उरला नाय, धरणार कशाला? आणि दुसरं इंजिन घालू म्हणाल तर या चासीत बसत नाय."

"मग नवा ब्लॉक?"

"ती कंपनीच बंद पडली. कोणी ओतून दिला तरच. चिपळुणात सखाराम ओतारी हाय. मुंबईला फाउंड्रीत तीस वर्षं होता. बघा विचारून. माझं विचाराल तर, होणारं काम वाटत नाय."

बाईंनी ब्लॉक गोणपाटात गुंडाळला आणि एसटीत पायाशी ठेवून चिपळूणला नेला. सखारामची ओतशाळा म्हणजे वाशिष्ठीच्या काठची एक पत्र्याची शेड. तिथे तो देवळांच्या घंटा आणि पंपांचे पंखे ओतायचा. साठीचा, काटकुळा, कमी बोलणारा माणूस. त्याने ब्लॉक उलटासुलटा केला, भोकांत काडी घालून खोली मोजली, बॅटरी लावून आतले पाण्याचे रस्ते बघितले. पाऊण तास असाच गेला.

"होईल का?" बाईंनी न राहवून विचारलं.

"बाहेरचा आकार कठीण नाय. रामा सुतार सागवानाचा नमुना करील, त्याचा ठसा वाळूत घ्यायचा. धातू थंड होताना आक्रसतो, हातभर लांबीला सहा मिलिमीटर, म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा. कठीण हाय ती आतली पोकळी. तिच्यासाठी वाळूचे गाभे करून, जवसाच्या तेलात मळून, भट्टीत भाजायचे. एक जरी हलला तर भिंत एकीकडे जाड, दुसरीकडे कागद." त्याने काडी फेकली. "पहिला फुकट जाईल. दुसऱ्याचं बघू. पण धातू?"

"वाड्यांमधून भांडी गोळा करते. टोप, डबे."

"भांड्यांचा धातू मऊ असतो, बाई. इंजिनाला इंजिनाचाच धातू लागतो. जुने पिस्टन आणा. साठ-सत्तर तरी."

साठ-सत्तर पिस्टन कुठून आणायचे, या विचारात बाई परतल्या. त्यांनी बाबल्याला सांगितलं आणि बाबल्याने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला. आठवड्याने बाईंच्या पडवीत तीन पिस्टन दिसले, नाव नाही, गाव नाही. मग देवरुखच्या एका ट्रकवाल्याने आठ आणून ठेवले. त्याच्या दोन्ही मुली बाईंच्या हातावर जन्मलेल्या. बुरोंडीहून धोंडू खलाशी बोटीच्या इंजिनाचे चार मोठे पिस्टन पिशवीतून घेऊन आला. त्याची बहीण संगमेश्वराकडे दिलेली. तिच्या वेळेला बाई दोन रात्री उशाशी बसल्या होत्या, हे त्यांना आठवतही नव्हतं. हौसाचा नवरा मुंबईत गॅरेजात होता. त्याने एसटीच्या टपावर पोतंच पाठवलं, एकवीस पिस्टनांचं.

बाई पडवीत बसून ते काजळलेले पिस्टन मोजत होत्या; आणखी कुठून कुठून आलेले धरून सत्तर भरले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी आपण काही घेऊन गेलो, आपल्या दारात कोणी काही आणून ठेवील अशी सवयच त्यांना नव्हती. आलेल्या प्रत्येकाला त्या चहा देत राहिल्या, आणि एकदा साखरच संपली.

पहिला ब्लॉक गणपतीनंतर ओतला. दिसायला चांदीसारखा. सखारामने त्याची तोंडं बंद करून आत रॉकेल भरलं आणि कुठे झिरपतंय का ते दिसावं म्हणून बाहेरून चुना फासला. अर्ध्या तासात चुन्यावर तेलकट डाग उमटले, एक, दोन, मग सगळीकडे.

"गाभ्यात ओल राहिली. पावसाळी हवा," सखाराम म्हणाला. त्याने घण उचलला आणि स्वतःच्या हाताने ब्लॉकचे तुकडे केले.

बाईंना तो आवाज ऐकवेना. "राहू द्या, सखारामभाऊ. पुष्कळ केलंत. माझ्याने चालवतंय तोवर चालेन मी."

"तुकडे परत वितळतात, बाई. दिवाळीनंतर या."

दिवाळीनंतर कोरड्या हवेत दुसरा ब्लॉक ओतला. या वेळी सखारामने गाभे दोन वेळा भाजले होते. चुना फासून दोघं समोर बसली. अर्धा तास गेला, तास गेला, दुपार कलली. चुना पांढराच राहिला. सखारामने बोट फिरवून बघितलं, हुंगलं, आणि पहिल्यांदाच हसला.

पुढे कोल्हापूरच्या एका कारखान्यात पिस्टनची भोकं कातून आली, आत बिडाच्या नव्या नळ्या, म्हणजे लायनर, ठोकल्या, आणि बाबल्याने तीन आठवडे खपून इंजिन जोडलं. जानेवारीत एका सकाळी गाडी सुरू झाली. थोडी खोकली, मग एका लयीत चालू लागली. बाबल्या उठून बाजूला गेला आणि उगाच हात पुसत राहिला.

बाईंनी गाडी थेट चिपळूणला नेली आणि सखारामला शेजारी बसवलं. हमरस्त्याला लागल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही दुसऱ्यांदा का ओतलात? मी तर नको म्हटलं होतं."

सखाराम बाहेर बघत म्हणाला, "तीस वर्षं ओतलं, बाई. गाभे, ब्लॉक, हाउसिंग, हजारांनी. सगळं ट्रकात भरून जायचं. आपण ओतलेलं कुठं चालतंय, कोणाला नेतंय, कधी बघितलं नाय." त्याने पायाखालच्या पत्र्यावर तळवा टेकवला. खालून थरथर येत होती. "तुमचे आभार मीच मानायला हवेत."

"मला आधी मानू द्या," बाई म्हणाल्या. चष्म्याआड डोळे भरले आणि रस्ता अंधुक झाला. त्यांनी गाडी कडेला घेतली, पदराने चष्मा पुसला आणि त्याच्याकडे वळून दोन्ही हात जोडले. सखारामने गडबडून आपलेही जोडले.

"आता वाडीवर जायचंय," बाई गिअर टाकत म्हणाल्या. "एक पहिलटकरीण आहे, तपासायला हवी. येता?"

"येतो. पण इंजिन नवं हाय, पहिले पाचशे मैल सावकाश घ्या."

आणि बाईंनी खरोखरच सावकाश घेतली.