लांडोरीपुरतं कुंपण

एकदा लांडोर हिरवळीवर दाणे टिपत होती आणि मोर शेजारी नेहमीसारखा मिरवत होता. हॉटेलात उतरलेल्या एका बाईंनी लांडोरीकडे बोट करून विचारलं, "ही काय त्याची मोलकरीण का?" सगळे हसले. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "हो ना, आणि पगारही नाही तिला." बाईंनी तक्रार केली, आणि मॅनेजरनं त्यांच्यासमोरच माझा पाणउतारा केला.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मला ठाऊक आहे. बारा वर्षं मी या हॉटेलच्या बागेतले पक्षी सांभाळते आणि स्वयंपाकघरातली मंडळी मला 'तोफ' म्हणतात. माझा धाकटा भाऊ इथेच माळी आहे, त्याला ती 'घुम्या' म्हणतात. आईनं बोलण्याचा सगळा साठा हिच्यावरच संपवला, याच्या वाट्याला काही उरलंच नाही, अशी त्यांची ठरलेली थट्टा.

मोराबद्दल मला काही म्हणायचं नाही. म्हणजे पुष्कळ म्हणायचंय. लोक ज्याला शेपूट समजतात ती शेपूट नव्हेच, ती पाठीवरून निघालेली पिसं. खरी शेपूट त्यांच्या मागे असते, आखूड आणि तपकिरी. तो सगळा डोलारा ती तोलून धरते आणि तिचा फोटो कुणी काढत नाही. बरं, पिसारा फुलवून थरथरवला की या गृहस्थांचं काम संपलं. लांडोर अंड्यांवर बसली, की हे पाहुण्यांच्या गाड्यांशी भांडायला मोकळे. चकचकीत दारात स्वतःलाच बघतात आणि दुसरा मोर समजून चोची मारतात. अंडी, पिल्लं, कशाकडे ढुंकूनही बघत नाहीत.

मॅनेजरला मात्र याच्याच रूपाची भुरळ. दोन वर्षं बागेत पिल्लं निघाली नव्हती. पहिल्या वर्षी मांजरानं अंडी खाल्ली. दुसऱ्या वर्षी कुणीतरी घरटं दाखवलं आणि पाहुण्यांनी फोटोंसाठी एवढी गर्दी केली, की लांडोर अंडी टाकून निघून गेली. दोष कुणाचा? लांडोरीचा! "या वर्षी पिल्लं नाही झाली तर तिला देऊन टाकू," मॅनेजर म्हणाला. "दिसायला ही अशी, आणि खायला मोराइतकंच लागतं." तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. अर्धं पोट ती वाळवी, मुंग्या, सरडे आणि कोवळे कोंब यांवर स्वतःच भरते. तिच्या पाच-सात मूठ धान्यानं याचं हॉटेल बुडणार होतं!

यंदा तिनं मागच्या भिंतीलगतच्या कुंपणात, झुडपांच्या बुडाशी, जमीन जरा उकरून पाच अंडी घातली. मी कुणाला पत्ता लागू दिला नाही. भावालाही नाही. तो कुणाजवळ बोलणार नव्हता हे दिसत होतं, पण मी कुणावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवूनच टाकलं होतं. अठ्ठावीस दिवस निभावायचे होते. शेवटी शेवटी तिच्या अंगावर पाय पडला तरी ती उठत नाही, पण पहिला आठवडा नाजूक असतो. तेव्हा दचकून उडाली, तर परत येईलच असं नाही.

सहाव्या दिवशी दुपारी मी पक्ष्यांचा मोठा पिंजरा धूत होते. स्वयंपाकी भाजीची सालं टाकायला आला आणि सहज म्हणाला, "तुझा भाऊ मागचं कुंपण कापतोय. उद्या मोठे पाहुणे यायचेत, साहेबांनी सरळ करायला सांगितलंय."

मी हातातल्या बादलीसकट धावले. कोपऱ्यावर वळताच कापलेल्या फांद्यांचे ढीग दिसले आणि माझं तोंड सुटलं.

"अरे मेल्या, डोळे फुटले का तुझे? साहेबानं सांगितलं की मान डोलवायची एवढंच येतं तुला! कधी विचारायचं नाही, कधी बोलायचं नाही! बैलसुद्धा बरा तुझ्यापेक्षा!"

आणि मी बादली फेकली. ती भिंतीवर आदळून दणाणली.

कुंपणातून फडफडाट झाला. लांडोर किंचाळत वर उठली, माझ्या डोक्यावरून गेली आणि भिंतीपलीकडे दिसेनाशी झाली.

तेव्हा कुठे मी नीट पाहिलं. कुंपण अलीकडे आणि पलीकडे एका रेषेत कापलेलं होतं. मध्ये दोन हात रुंदीचा झुपका तसाच ठेवलेला होता. भावाच्या हातात छोटी कात्री होती. कापायचं यंत्र त्यानं आणलंच नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, "मला चार दिवसांपासून माहीत होतं. तिला सोडूनच कापत होतो. ती बघत होती माझ्याकडे. उठली नव्हती."

संध्याकाळी लांडोर परत आली, पण घरट्याकडे गेली नाही. उंच झाडावर मोराच्या शेजारी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी हिरवळीवर दाणे टिपत हिंडली. मी दोन दिवस पिंजऱ्याच्या पायरीवर बसून तिची वाट पाहिली. अंडी एखाद्या कोंबडीखाली ठेवावीत म्हणून स्वयंपाक्याकडे गेले, तर त्याच्या चार कोंबड्यांतली एकही खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली, नव्हती. तिसऱ्या दिवशी अंडी हातात घेतली. ती दगडासारखी गार होती.

मी ती टोपलीत भरत असतानाच मॅनेजर आला.

"ही अंडी कसली? म्हणजे याही वर्षी नाही?"

भाऊ पुढे झाला. "मी कुंपण कापत होतो, साहेब. त्यानं ती उडाली."

बारा वर्षांत मी त्याला मॅनेजरसमोर एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. मला स्वतःची इतकी चीड आली, की डोळ्यांत पाणीच आलं.

"खोटं बोलतोय तो," मी म्हटलं. "यानं तिला सांभाळलं होतं. मी ओरडले, मी बादली फेकली."

"कुणी का असेना. सोमवारी तिला न्यायला गाडी मागवतो." जाता जाता त्यानं कुंपणाकडे पाहिलं. "आणि तो मधला झुपका कशाला ठेवलाय? काढून टाका."

तो गेला. भाऊ कात्री घेऊन झुपक्यापाशी उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"काप," मी म्हटलं.

"काय?" त्यानं विचारलं.

जन्मात पहिल्यांदा त्याला माझं बोलणं ऐकू गेलं नव्हतं. मी जवळ गेले आणि पुन्हा म्हटलं, "काप."