एजोकूचा कान

माझा धाकटा भाऊ एजोकू आमच्या चर्चच्या गायकांचा म्होरक्या. गळा बरा आहे, नाही म्हणत नाही. पण गळ्याबरोबर देवाने आपल्याला कानही दिलाय आणि त्या कानातून जगातली एकही चूक सुटत नाही, असं त्याचं म्हणणं. बायका बाजरी कुटताना बेताल कुटतात, हेही त्याने एकदा त्यांच्याच अंगणात उभं राहून सांगितलं होतं.

बाबा गेले तेव्हा त्यांची जुनी जपानी मोटारसायकल त्याच्याकडे गेली, कारण तो मुलगा. बाबा जनावरांना लस टोचत सोरोटीच्या आसपासची गावं पालथी घालायचे, आणि ती गाडी त्यांनी मुलासारखी सांभाळली होती. मुलापेक्षा बरी, खरं तर. टॅपेट सेट करायचे ते सकाळीच, इंजिन पार गार असताना. वरची दोन गोल झाकणं काढायची, पिस्टन वर आणून थांबवायचा, आणि व्हॉल्व्हच्या दांड्याच्या टोकाशी गेजची पातळ पाती सरकवून बघायची. पाती किंचित अडखळत सरकेल एवढीच फट हवी. एजोकूला हाताला तेल लागायची किळस, म्हणून झाकणं धरायला मी असायचे, आणि पुढे पुढे पानाही माझ्याच हातात आला. थोडी टिकटिक राहू द्यायची, असं बाबांनी मला शिकवलं होतं. गप्प व्हॉल्व्ह जळतो.

एजोकूच्या कानाला ती टिकटिक खुपायला लागली. गाडी तालात नाही म्हणे. मी त्याला फटीचं कारण समजावून सांगितलं, तर म्हणाला, तू बघून बोलतेस ताई, मी ऐकून बोलतो. आणि एका दुपारी बाजारातून आल्या आल्या, इंजिनावर भाकरी भाजली जाईल अशा अवस्थेत, त्याने झाकणं उघडली. हाताला फडकं गुंडाळून. स्क्रू थोडा पिळायचा, किक मारून ऐकायचं, पुन्हा पिळायचा. संध्याकाळपर्यंत टिकटिक गेली. रविवारी गाडी चर्चच्या दारात मांजरासारखी आली, पाद्रीबाबांनी तारीफ केली, आणि एजोकूने मान खाली घालून ती स्वीकारली. एकट्याने गायल्यावर घालतो तशी.

त्याच आठवड्यात आम्हाला एन्गोरा गावी जायचं होतं, त्याच्या लग्नाची आणि नवरीसाठी द्यायच्या गाईंची बोलणी करायला. शेळ्या, सोड्याचे क्रेट आणि आम्ही सगळे ट्रकमध्ये. नवरदेव मात्र पुढे मोटारसायकलवर, मागे आमची अकिरोर आत्या. सासरच्यांनी आधी गाडी पाहावी, असा त्याचा बेत.

अवोजाच्या दलदलीवरच्या रस्त्यावर आमचा ट्रक पोचला तेव्हा आत्या मासेवालीच्या पालथ्या घमेल्यावर बसली होती, आणि एजोकू घामाने निथळत किक मारत होता. किक लापशीत पाय घातल्यासारखी खाली जात होती. दम म्हणून नव्हताच इंजिनात. त्याने आधी पेट्रोलमध्ये भेसळ आहे असं ठरवलं होतं, मग प्लग पुसला होता, आणि आता गायकांतल्या एका जळक्या माणसाने काहीतरी केलंय अशा निष्कर्षाला आला होता. मासेवाल्या त्याला म्हणत होत्या, गाणारा आहेस ना, मग तिला एखादं भजन म्हण.

मी विचारलं, "झाकणं उघडली होतीस ना?"

"फक्त आवाज घालवला."

"आवाज नाही, फट घालवलीस. दांडा तापून लांबतो, त्याला जागाच ठेवली नाहीस. व्हॉल्व्ह मिटत नाहीये. तोंड उघडं टाकून बसलाय, तुझ्यासारखा."

त्याने वाकून दलदलीतलं पाणी उचललं, इंजिनावर ओतायला. मी त्याचा हात धरला. तापल्या इंजिनाला तडा गेला असता. मग गाडी ट्रकमध्ये चढवू म्हणाला. आत्या घमेल्यावरूनच म्हणाली की चढव, आणि तूही शेळ्यांबरोबरच उतर, पाहुण्यांना मोजायला सोपं जाईल.

इंजिन गार होईपर्यंत आम्ही तिथेच बसलो. उशिरा पोचलं की नवरीकडचे दंड लावतात, त्याबद्दल चुलते कुरकुरत राहिले. गेज माझ्या पिशवीत होतं. लग्नाच्या बोलणीला कोण गेज नेतं? जिला असा भाऊ आहे, ती नेते. मी नट सैल केले, पाती सरकवून फट ठेवली, नट आवळले. पहिल्या किकला गाडी टिकटिकत सुरू झाली. सगळ्यांसमोर त्याने विचारलं, जरा गप्प नाही का होणार? मी म्हटलं, चालत जा, मग अगदी शांत वाटेल.

सासरी कोणी टिकटिक ऐकलीसुद्धा नाही. त्यांचं लक्ष गाईंवर. एजोकूने मात्र सासऱ्यांना रंगवून सांगितलं की दलदलीत गाडी बंद पडली, आणि आपण नुसतं ऐकून दोष ओळखला आणि दुरुस्त केला. पाणी द्यायला आलेली नवरी, अमुलेन, माझ्या काळ्या नखांकडे बघत होती. मग तिने त्याच्या नखांकडे पाहिलं.

लग्न झालं. पाद्रीबाबांनी एकदा थट्टेने विचारलं, गाडी पुन्हा बोलायला लागली वाटतं? झालं. त्याने स्क्रू पुन्हा पिळले. या वेळी व्हॉल्व्ह खरंच जळला. गाडी आंब्याखाली गेली, सीटवर कोंबड्या बसायला लागल्या. यंत्राचं वय झालं होतं, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. मी त्या अंगणातून जाणं सोडलं. बाबांना दुसऱ्यांदा पुरल्यासारखं वाटायचं, आणि हे त्याला सांगून काय उपयोग होता?

एक दिवस अमुलेनच माझ्याकडे आली. "वन्सं, त्या दिवशी काळं तुमच्या नखांत होतं, यांच्या नव्हतं. ती गाडी उघडायची का?"

आम्ही दोघींनी इंजिनाचं हेड उतरवलं. जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती. सोरोटीत नवा बसवून, घासून आणला. टॅपेट तिने स्वतः लावले, सकाळी, गार इंजिनावर. पहिल्यांदा फट जास्त राहिली, दुसऱ्यांदा जमली. एजोकू दारात उभा राहून म्हणाला की ताल अजून अर्धा मागे आहे. ती वर न बघता म्हणाली, "अहो, तुम्ही आत जाऊन गा."

आता ती अवोजाहून मासे आणून सोरोटीत विकते, आणि गाडी तिच्याकडेच असते. एजोकू चर्चला चालत जातो. अजोनच्या, म्हणजे नाचणीच्या दारूच्या, मडक्याभोवती बसला की सांगतो, बायकोवर माया आहे म्हणून गाडी तिला देऊन टाकली. नळ्या तोंडात धरून सगळे माना डोलवतात. मडकं त्याच्या पैशाचं असतं, आणि अजून निम्मं भरलेलं असतं.