वरची पिशवी

मोहबोडीच्या तलावात गवत लागलं असतं, तर शालिकरामच्या पदरात बरंच काही पडणार होतं. पहिली म्हणजे मासळी. पाण्याखाली झाडोरा उरला नाही म्हणून अंडी घालायला जागा नाही, आणि जागा नाही म्हणून मरळ अन् शिंगी हे जुने मासे तलावातून दिसेनासे झाले होते. ते परतले असते. दुसरी फुकट मेहनत. चिखलात उतरणार होती शाळेची पोरं, आणि पोरांना चिखलात उतरवायला काही पडत नाही, बाहेर काढायलाच पडतं. तिसरं, मच्छीमार सोसायटीचं अध्यक्षपद आणखी एक फेरा त्याच्याकडेच राहिलं असतं. चौथी गोष्ट तो बोलून दाखवत नसे: सातवीतली नात आचल वर्गात ‘माझे आजोबा’ म्हणून मान वर करून सांगणार होती. देण्याच्या बाजूला शालिकरामनं काहीच धरलं नव्हतं. तशी त्याची सवयच नव्हती.

तलाव उजाड झाला होता तो सोसायटीच्याच करणीनं. मागं कधी तरी झटपट वाढतो म्हणून सगळ्यांनी हौसेनं गवत्या मासा आणून सोडला होता. गवत्या नावाला जागला. त्यानं देवधान खाल्लं, पोवन खाल्लं, पाण्यातलं हिरवं म्हणून जे होतं ते सगळं साफ केलं आणि नंतर स्वतः बाजारात विकला गेला. मोकळ्या काठावर बेशरमाच्या झुडपांचं रान माजलं.

गडचिरोलीहून बदलून आलेल्या रीता मॅडमनी शाळेतर्फे गवत लावायची गोष्ट काढली, तेव्हा शालिकराम भर सभेत उभा राहिला.

“आजपासून जो कोणी या तलावात गवत्या टाकंल,” तो म्हणाला, “तो पदावर असो का नसो, खाली उतरंल. अन् सालभर तलावात जाळं टाकणार नाई!”

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. शालिकरामला आपलंच वाक्य इतकं आवडलं, की त्यानं ते सचिव दिनेशकडून नियम म्हणून लिहून घेतलं आणि पुन्हा मोठ्यानं वाचूनही घेतलं.

मे महिन्याच्या सुट्टीत पाणी आटलं, तशी पोरं उतरली. आधी बेशरम उपटलं. मग शेजारच्या गावच्या तलावातून घमेल्यांत भरून आणलेली देवधानाची रोपं चिखलाच्या गोळ्यात मुळं दाबून रांगेनं लावली. कोणाला काही शिकवावं लागलं नाही. धानाची रोवणी ज्यानं पाहिली नाही असं पोट्टं त्या शाळेत नव्हतंच. आचल सगळ्यात पुढं, गुडघाभर गाळात. शालिकराम पाळीवर, तलावाच्या कोरड्या बांधावर, छत्री घेऊन अध्यक्षपद सांभाळत होता.

ऑगस्टात सोसायटीनं रोहू-कतल्याची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, विकत घेतली. सिंदेवाहीला गाडी आली, पिशव्या मोजून उतरल्या आणि शालिकराम जागचा हलेना. हा त्याचा जुना रोग. वांगी घेतली की वर कोथिंबीर, गूळ घेतला की वर एक खडा. वरचं काही मिळाल्याशिवाय त्याचा सौदा पुरा होत नसे. व्यापाऱ्यानं ओळखलं आणि एक पिशवी त्याच्या हातात ठेवली.

“घ्या अध्यक्ष. ही वरची.”

शालिकरामनं आत काय आहे ते विचारलं नाही. फुकटच्या वस्तूची चौकशी केली तर देणारा शुद्धीवर येतो, असा त्याचा अनुभव होता. गावात येऊन त्यानं ती पिशवी स्वतःच्या हातानं, पाण्याला नमस्कार करून, तलावात मोकळी केली.

पुढच्या आठवड्यात व्यापाऱ्याचा फोन आला. “वरच्या पिशवीतला गवत्या कसा हाये जी? जोरदार वाढते तो.”

शालिकरामला सभेतलं आपलंच वाक्य दिनेशच्या आवाजात ऐकू आलं.

महिनाभरात देवधानाची टोकं कातरल्यासारखी दिसू लागली. शनिवारी मॅडम पोरांना घेऊन पाळीवर आल्या.

“शालिकरामभाऊ, हे कुणी कुरतडलं असेल?”

“गाई असतीन मॅडम. गाईच.”

“आजोबा,” आचल म्हणाली, “गाय पाण्याखालून कशी खाते?”

“लांब मानेची असंल,” तो म्हणाला आणि घरी निघाला. मागं मॅडम पोरांना राखणीच्या पाळ्या लावून देत होत्या. उन्हात बसून पोरं आता गाई हाकणार होती, ज्या नव्हत्याच.

जेवायला बसला तो भात नुसता चिवडत. बायको वच्छला ताटाकडे पाहत म्हणाली, “काऊन जी? खाऊन नाई राह्यले. सोसायटीत काई खाल्लं का?”

जाळं टाकून गवत्या काढावा, तर सगळ्यांदेखत काढावा लागणार. मग त्याला नथ्थू आठवला.

नथ्थूकडे ना जाळं, ना सोसायटीचं सभासदपद. पण त्याच्या घरी मासा नाही असा वार नसे. दुपारी दक्षिणेच्या काठाला गळ घेऊन बसायचं, ही त्याची नोकरी. शालिकरामनं त्याला आजवर शिव्या घालून हाकललं होतं. आता तो त्याच्या शेजारी जाऊन उकिडवा बसला.

“नथ्थू, तुले एक सांगू का? मक्याचा कोवळा पाला लाव गळाले. मी काई म्हणत नाई. पाह्यजे तितके मार.”

नथ्थूनं गळ वर घेतला आणि त्याच्याकडे निरखून पाहिलं. “तब्येत बरी हाये ना, अध्यक्ष?”

“मार ना गा. माही परवानगी हाये.”

“परवानगीचा मासा?” नथ्थूचं तोंड कडू झालं. “तो तं बाजारातून आणल्यावानी झाला. गोड तरी लागंल का? मले नाई पाह्यजे.” गळ गुंडाळून तो खरंच घरी निघून गेला. गावातला एकुलता एक भरवशाचा चोर हातचा गेला.

शालिकराम रस्ताभर विचार करत आला आणि घरी पोचेपर्यंत त्याला वाट सापडली. दुसऱ्या दिवशी देवळाच्या भोंग्यावरून त्यानं स्वतः पुकारा केला: तलावात गळ टाकायला सक्त मनाई आहे. त्यातही दक्षिणेच्या काठाला मक्याचा कोवळा पाला लावून कोणी गळ टाकताना सापडला, तर त्याची मुळीच गय होणार नाही.

गावात चर्चा सुरू झाली. रोहू पिठाच्या गोळीला येतो, मरळ बेडकीला. पाल्याला काय येतं बाप्पा? आणि अध्यक्षांनी काठसुद्धा सांगितला! दोन दिवसांत मक्याच्या वावरात कोवळ्या पानांचे पोंगे गायब होऊ लागले. दक्षिणेच्या काठाला नथ्थू परत आला, एकटा नाही, साथीदार घेऊन. शालिकराम पहारा द्यायला निघताना घरूनच खाकरत निघायचा, म्हणजे मंडळींना पळायला वेळ मिळावा. वीत-वीतभर मासे निघू लागले. पाला खाणारा मासा कोणता, हे ज्यानं त्यानं ओळखलं आणि मुकाट्यानं शिजवलं. चोरीच्या मालाचं नाव कोण विचारतो?

दिवाळीच्या सुट्टीआधी दिनेशनं नथ्थूला पकडलं. हातात गळ, गळाला पाला आणि पिशवीत एक मासा. तलावाकाठी सोसायटीच्या ओसरीवर सभा भरली. मॅडम आल्या, पोरंही आली, आचल पुढं बसली. दिनेशची अध्यक्षपदावर नजर होती, त्यामुळे सदरा इस्त्रीचा होता.

“हा गवत्या हाये,” त्यानं मासा वर धरला. “यानंच गवत खाल्लं. अन् हा नथ्थूनंच टाकला, म्हणून तं पाला लावून काढून राह्यला! काढा या नथ्थूले तलावाबाहेर. काठावर पाय ठेवू देऊ नका.”

“नथ्थू, बोल,” कोणीतरी म्हणालं.

नथ्थूनं शालिकरामकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं, हे त्या नजरेत होतं. “अध्यक्ष म्हंतीन तसं,” तो म्हणाला आणि खाली पाहू लागला.

इथं शालिकरामला फक्त मान हलवायची होती. खुर्ची राहिली असती, जाळं राहिलं असतं, आचलही काही कळल्यावाचून घरी गेली असती. पैलतीरावर देवधान डोलत होतं, आता नव्या टोकांनी. नथ्थूला मात्र त्या काठावाचून दुसरं काही नव्हतं.

“गवत्या म्या टाकला,” शालिकराम म्हणाला.

“जोरानं बोला भाऊ, ऐकू नाई आलं,” मागून कोणी ओरडलं.

“म्या टाकला! वरची पिशवी भेटली, पाह्यली नाई, टाकली. भोंग्यावर पाला सांगतला तोबी त्याच्यासाठीच. गाई नव्हत्या मॅडम.”

मग बायकांतून वच्छला फसकन हसली. “फुकटचं होतं ना? मंग कशाले पाह्यतीन!” आणि सगळी सभा हसत सुटली. मॅडमनी ओठ आवळून पाहिलं, पण त्यांनाही जमलं नाही. शालिकरामला वाटलं होतं की आता जमीन फाटावी. त्याऐवजी ऑगस्टपासून छातीवर बसलेलं काहीतरी उठून चालतं झालं.

दिनेशनं नियम वाचला. शालिकराम उतरला. दिनेश चढायच्या आतच बायकांनी वच्छलाचं नाव घेतलं, आणि ती नको नको म्हणेपर्यंत हात वर झालेसुद्धा.

“तुमी काऊन नाई सांगतलं गा?” बाहेर शालिकरामनं नथ्थूला विचारलं. आदरानं बोलायची ही त्याची पहिलीच वेळ.

“सांगतलं असतं तं साक्षीदार झालो असतो, भल्या माणसात मोजला गेलो असतो. उद्या गळ टाकाले लाज वाटली असती.”

आचल पाळीवरून हाका मारत होती. देवधानाच्या बुडाशी लालसर पिल्लांचा थवा वळवळत होता आणि खाली मरळीची काळी जोडी राखण करत फिरत होती. पोरं श्वास रोखून वाकली होती. “आजोबा,” आचल हळूच म्हणाली, “गाईचं खोटं बोल्ले तुमी. आमी दुपारभर उन्हात बसलो.” मग तिनं बाजूला सरकून त्याला जागा करून दिली.

आता कोणी काय मोल भरलं, ते पाहू. पोरांनी राखणीच्या दुपारी भरल्या आणि त्या बदल्यात थवा पाहिला. नथ्थूनं काही भरलं नाही. तो कधीच भरत नाही. वच्छलानं अध्यक्षपद घेऊन डोकेदुखी भरली, दिनेशनं इस्त्री. शालिकरामची खुर्ची गेली, सालभराचं जाळं गेलं, आणि त्या दुपारी तो ताटभर जेवून घोरत पडला, म्हणजे तो तसा स्वस्तातच सुटला. सगळ्यात जास्त भरलं ते गवत्यानं. आणि त्याचा दोष म्हणाल, तर एवढाच की त्याला भूक लागली होती.