माझ्यावर इस्त्री फिरवू नका

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रागात आहे. मी एक जुना कॅरम बोर्ड आहे आणि माझ्यावर इस्त्री फिरते.

सुताराने मला घडवलं. इतकं घासलं, इतकं घासलं, की माशी बसली तरी घसरावी. मग फिटरने मला घरी आणलं. फिटर म्हणजे कारखान्यात पाइप जोडणारा. बोलण्यात कंजूष, पण नेम असा, की राणी आपल्या पायांनी चालत खिशात जावी.

सुट्टीच्या दिवशी चौघं जमत. पावडर उडे, स्ट्रायकर फिरे, हसण्याने खिडकीच्या काचा वाजत. फिटरचा कारखान्यातला दोस्त टकल्या हरला की ओरडे, "बोर्डच वाकडा आहे तुझा!"

"बोर्ड सरळ आहे. तू बसलायस वाकडा," फिटर म्हणे.

पुढे फिटरला गोंगाट नकोसा झाला. चौघांचे दोघं झाले, दोघांचा एकटा. लोक म्हणाले, माणूसघाणा झाला. साफ खोटं! तो एकटाच बसून पांढऱ्याही मारी, काळ्याही मारी. गुणगुणत असे. काळ्या हरल्या की म्हणे, "रडू नका गं, पुढचा डाव तुमचा." ते माझे सगळ्यात गोड दिवस. त्याला कुणाची उणीव नव्हती आणि मला काळजी नव्हती.

मग एकदा तो अर्ध्या डावातून उठला. राणी कोपऱ्यात तशीच राहिली. तो परत बसलाच नाही.

त्याच्या बायकोने सोंगट्या डब्यात भरल्या, माझ्यावर जुनी चादर अंथरली आणि इस्त्रीला लागली. वर शेजारणीला कौतुकाने सांगते, "हल्ली किती शांत झालेत! सुटले बाई मी." माझं लाकूड आतून पेटलं. शांत? गुणगुणणं गेलं, ताटातलं ताटात राहतं, गॅलरीतली त्याची लाडकी रोपं वाळली. विझलेल्या दिव्याला कुणी शांत म्हणतं का? आणि तो टकल्या! एकदा दार वाजवलं, फिटर बाहेर आला नाही, तर "भाव खातोय" म्हणत रुसून बसला.

शेवटी फिटरची थोरली बहीण आली. आक्का. इस्त्री चालू होती. तिने चादरीचं टोक उचलून मला पाहिलं आणि फिटरकडे वळली.

"काय रे, मित्र येत नाहीत का?"

"नाही."

"ते असो. एकट्याने तरी खेळतोस?"

फिटर म्हणाला, "हात उचलत नाही, आक्का. कशाचंच काही वाटत नाही. उद्या उजाडलं नाही तरी चालेल, असं झालंय."

बायकोच्या हातातली इस्त्री जागच्या जागी थांबली. "अहो... मला वाटलं, तुम्ही शांत झालात."

चादर जळली, खाली मी जळलो. मित्रांनो, मला चटका बसला आणि त्या एका घडीला मी रागावलो नाही.

"उद्या डॉक्टरकडे जायचं. मी येते बरोबर," आक्का म्हणाली.

"मला काय झालंय?"

"तेच विचारायला जायचंय, शहाण्या."

आता तो डॉक्टरकडे जातो. कधी बरा असतो, कधी नसतो. बायको त्याच्याजवळ येऊन बसते. टकल्याही येतो, फार बोलत नाही.

मित्रांनो, एकटं बसण्यात रमलेल्या माणसाला ओढून गर्दीत नेऊ नका. त्याचं गुणगुणणं ऐका आणि त्याला बसू द्या. पण गुणगुणणंच थांबलं, जीव की प्राण असलेली गोष्टही नकोशी झाली, तर "शांत झालाय" म्हणून सुटका करून घेऊ नका. जवळ जा. विचारा. आणि हे तुमच्या स्वतःच्याच बाबतीत झालं, तर कुणाला तरी सांगा. मी लाकूड आहे, मला सगळं दिसत होतं आणि बोलता येत नव्हतं. तुम्हाला तोंड आहे ना?

काल फिटरने माझ्यावरची चादर काढली. माझ्या डागावरून बराच वेळ बोट फिरवलं.

"इथे स्ट्रायकर अडखळेल," तो म्हणाला.

अडखळू दे. डबा उघड आधी.