कॉफी न पिणारे पाहुणे

त्या वर्षी आमच्या द्रूझ जमातीच्या डोंगरात इंग्रजही होते आणि फ्रेंचही. दोघं मिळून जर्मनांशी लढताहेत, असं रेडिओ सांगायचा. आमच्याकडे मात्र कुठलं गाव कुणाच्या बाजूचं, यावरून त्यांची आपसातच जुंपलेली. मधे मी, गावचा शेख, स्वतःला मोठा मुत्सद्दी समजून मिशीला पीळ देत बसलेला. सकाळी इंग्रजाला हो, दुपारी फ्रेंचाला हो! या हुशारीपायी माझा मुलगा शिबली तुरुंगात गेला. इंग्रज कप्तान हॅलमची चिठ्ठी शेजारच्या गावी नेताना फ्रेंचांनी त्याला धरला.

शेवटी मी हॅलम आणि फ्रेंच कप्तान, दोघांना एकाच वेळी घरी बोलावलं. समोरासमोर बसवून पोराला सोडवायचं, असा माझा बेत. यजमान म्हणून कॉफीचा पहिला पेला मी प्यालो, मग त्यांना दिले. दोघांनीही पेले तसेच खाली ठेवले.

आमच्यात मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा असा पेला खाली ठेवतो. तो न पिता उठला तर यजमानाचं नाक कापलं गेलंच म्हणून समजा. हा रिवाज या दोघांना कौतुकानं शिकवला कुणी? मीच!

"अबू शिबली, गाव आमच्या बाजूचं, या कागदावर शिक्का मारा," फ्रेंच कप्तान व्हर्निए मला म्हणाला.

"खबरदार, मारू नका," हॅलम म्हणाला.

मला घाम फुटला. कॉफी गार झाली. मग दोघं ओट्यावर जाऊन सिगारेट ओढत कुजबुजले आणि हसत आत आले. आमचं गाव फ्रेंचांना, ओढ्यापलीकडचं इंग्रजांना. मला कोण विचारतंय! माझा शिक्कासुद्धा व्हर्निएनंच उचलून मारला. मग दोघांनी गार कॉफी एका घोटात संपवली.

मी घाईघाईनं माझा पेला भरून त्यांच्यासमोर ठेवला.

"माझंही मागणं आहे. शिबलीला सोडा."

व्हर्निए छताकडे बघायला लागला. हॅलमनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"शेख, तुम्हीच तर शिकवलंत. मागायचं पाहुण्यानं. यजमानानं फक्त द्यायचं."

जीप गेली तशी उम्म शिबली, शिबलीची आई, पडद्याआडून धावत आली.

"काय म्हणाले हो? कधी येतोय माझा पोर?"

"कॉफी छान होती म्हणाले," मी म्हणालो.